लेख नसलेल्या वीरगळाचा काळ कसा ठरवायचा: माया शिल्पांवरून शिकलेली पद्धत

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड. कोकणातल्या बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही. देवळाच्या आवारात, तळीच्या काठाला, देवराईत ते उभे असतात आणि त्यांचं वय विचारलं की दोनच उत्तरं मिळतात, ‘पांडवांच्या वेळचे’ किंवा ‘शिलाहारकालीन’. दुसरं उत्तर अभ्यासू वाटतं, पण उत्तर कोकणातल्या शिलाहार राजांचा काळ साधारण ८०० ते १२६५ असा साडेचारशे वर्षांचा आहे. एवढ्या लांब पट्ट्यात एखादा दगड ‘आहे’ म्हटल्याने हाती काहीच लागत नाही. काळ याहून नेमका सांगता येतो. त्याची रीत मध्य अमेरिकेतल्या माया शिल्पांच्या अभ्यासात घडली आणि ती आपल्या दगडांना लावता येते, मात्र आधीच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तरच.

ही रीत तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांची. जन्म १९०९, सायबेरियातल्या तोम्स्कचा. शिक्षण वास्तुकलेचं. १९३६ मध्ये त्या ग्वाटेमालातल्या पिएद्रास नेग्रास या माया नगरीच्या उत्खननात आराखडे काढायला गेल्या आणि पुढे आयुष्यभर माया संस्कृतीवर काम करत राहिल्या. १९५० साली त्यांनी अभिजात माया शिल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माया लोक उभ्या शिळांवर तारीख कोरत, पण कित्येक शिळांवरची तारीख झिजलेली किंवा तुटलेली होती. प्रोस्कुरियाकॉफ यांनी शिळेवरची मानवाकृती सुट्या भागांत फोडली. उभं राहण्याची ढब, शिरोभूषण, पिसांचा तुरा, कर्णभूषण, गळ्यातला अलंकार, कमरपट्टा, पायताण या प्रत्येकाचे प्रकार पाडले. तारीख असलेल्या शिळांवर कोणता प्रकार कधी दिसू लागतो, कधी भरात येतो आणि कधी मावळतो याचे आलेख काढले. मग तारीख नसलेली शिळा घेऊन तिच्यावरच्या सगळ्या प्रकारांचे आलेख एकावर एक रचले. जिथे बेरीज सर्वात उंच, तो त्या शिळेचा संभाव्य काळ. अनेक शिळांच्या बाबतीत हा अंदाज दोन-तीन दशकांच्या टप्प्यात बसला.

आपल्याकडे तेवढी बारीक मोजपट्टी मिळणार नाही. पन्नास ते शंभर वर्षांचा टप्पा मिळाला तरी ‘शिलाहारकालीन’पेक्षा ते कितीतरी पुढचं पाऊल आहे.

जायच्या आधी

दगड गावाचा असतो. गुरव, मानकरी आणि देवस्थान कमिटी या तिघांनाही आधी सांगा. कोकणात अनेक ठिकाणी वीरगळाला नारळ ठेवतात, तेल-शेंदूर लावतात. काही गावांत देवाचा कौल घेतल्याशिवाय दगडाला हात लावू देत नाहीत. कौल मिळेपर्यंत थांबा. फक्त फोटो आणि मापं घेणार आहोत, दगड हलवणार किंवा धुणार नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करा आणि तसंच वागा. जागा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते.

काळ डिसेंबर ते फेब्रुवारीचा धरा. पावसाळ्यात शेवाळ जाड आणि ओलं असतं, नोव्हेंबरात ते सुकायला लागतं आणि डिसेंबरात त्याच्याखालच्या रेषा वाचता येतात. पहाटे मात्र दवाने दगड ओला असतो. ओला काळा दगड चमकतो आणि बारीक उठाव त्या चमकेत बुडतो.

सामान थोडंच लागतं. ट्रायपॉड, हाताने एक्सपोजर ठरवता येईल असा कॅमेरा किंवा मोबाइल, अरुंद झोताचा एलईडी टॉर्च, ५ मीटरची टेप, गवंड्याचा ओळंबा, होकायंत्र, रंगकामाचा मऊ केसांचा ब्रश, पातळ दोरी, आलेख कागद, ट्रेसिंग पेपर आणि जाड पुठ्ठ्यावर काळे-पांढरे चौकोन चिकटवून केलेली १० सेंटिमीटरची मोजपट्टी.

दगड साफ करू नका

सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. कोरड्या मऊ ब्रशने सुटी माती आणि पालापाचोळा झाडा, बस. तारेचा ब्रश, साबण, ॲसिड, पाण्याचा जोराचा फवारा यांतलं काहीही वापरू नका. पांढरट-राखी दगडफूल खरवडू नका. त्याचे तंतू दगडाच्या कणांत शिरलेले असतात, त्यामुळे ते ओढलं की कण सुटतात आणि ज्या रेषेसाठी खरवडलं तीच जाते. अक्षरांत खडू, पीठ किंवा चुना भरून वाचायची सवय तर पूर्ण सोडा. पिठाने मुंग्या आणि बुरशी येतात, चुना छिद्रांत बसतो. शिवाय भरणारा माणूस त्याला दिसलेलं अक्षर भरतो, आणि पुढचा प्रत्येक फोटो त्याचीच चूक दाखवत राहतो. तेल-शेंदुराचा थर ही गावाची पूजा आहे, तो तसाच राहू द्या. त्याच्याखालचा आकार तिरक्या उजेडात बराचसा कळतो.

ओल्या कागदाचा किंवा शाईचा ठसा घेणं हे शिकलेल्या हाताचं काम आहे. ब्रिटिश संशोधक आल्फ्रेड मॉडस्ले यांनी १८८० च्या दशकात माया शिळांचे कागदाचे आणि प्लास्टरचे साचे घेतले. मूळ दगडावरून पुढे झिजून गेलेला काही तपशील आज त्या साच्यांतच उरला आहे, इतकं त्यांचं मोल. पण आता तेच काम दगडाला न शिवता, फोटोंवरून होतं.

जागेचा नकाशा

दगडाकडे वळण्याआधी तो कुठे आणि कोणाशेजारी उभा आहे ते नोंदवा. हौशी नोंदींत ही गोष्ट हटकून राहते. पिएद्रास नेग्रासमध्ये शिळा एकेका वास्तूसमोर गटाने उभ्या होत्या. प्रोस्कुरियाकॉफ यांनी गटागटाने तारखा मांडल्या तेव्हा दिसलं की एका गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्याहून जास्त पसरत नाहीत, आणि गटाची सुरुवात कोनाड्यात बसलेल्या व्यक्तीच्या शिळेने होते. १९६० साली त्यांनी निष्कर्ष मांडला की प्रत्येक गट एका राजाचा आहे आणि कोनाड्यातली शिळा त्याच्या गादीवर येण्याची आहे. तोवर अनेक अभ्यासक या आकृतींना देव किंवा पुरोहित समजत होते. शिळा कोणत्या गटातल्या याची नोंद नसती तर हा उलगडा झालाच नसता.

म्हणून प्रत्येक दगडाला क्रमांक द्या (कागदावर, दगडावर रंगाने नव्हे). देवळाच्या एका न हलणाऱ्या कोपऱ्यापासून प्रत्येक दगडाचं अंतर घ्या, दोन दगडांमधलं अंतर घ्या, कोरलेला भाग कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने पाहा. ओळंबा धरून दगड किती कलला आहे ते लिहा. जमिनीत किती गाडला असावा याचा अंदाज वेगळ्या रकान्यात. मग गुरवांना आणि गावातल्या जुन्या माणसांना विचारा की हे दगड मूळचे इथलेच का. जीर्णोद्धारात, रस्त्याच्या कामात, विहीर खणताना सापडलेले दगड आणून देवळाच्या भिंतीला ओळीने लावण्याची पद्धत सगळीकडे आहे. अशा ओळीतून गटाचा अर्थ काढता येत नाही, आणि तसं नोंदीत लिहून ठेवावं लागतं.

उजेड

हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाने माया लेखांच्या नोंदीचा मोठा प्रकल्प १९६८ मध्ये सुरू केला. त्यातले इयन ग्रॅहम शिळांचे फोटो रात्री, कडेने टाकलेल्या प्रकाशात घेत. झिजलेल्या उठावासाठी याहून चांगला उपाय आजही नाही, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. २ मिलिमीटर उठलेल्या कडेची सावली ४५ अंशांच्या उजेडात २ मिलिमीटर पडते. तोच उजेड १० अंशांवर आणला की सावली सुमारे ११ मिलिमीटर होते. दुपारी सपाट वाटणारा कप्पा रात्री वाचता येतो तो त्यामुळे.

अंधार पूर्ण पडला की कॅमेरा ट्रायपॉडवर दगडाच्या बरोबर समोर लावा. लेन्सचा अक्ष दगडाच्या पृष्ठाला काटकोनात हवा. दगड कलला असेल तर कॅमेराही तेवढाच कलवा, नाहीतर वरचा कप्पा आखूड येतो आणि पुढे प्रमाणं चुकतात. आयएसओ १०० किंवा २००, छिद्र एफ ८, शटर काही सेकंदांचं, आणि टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसणार नाही. टॉर्च दगडाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर धरा. १ मीटरच्या दगडाला ३ मीटर. जवळ धरला तर एक कड पांढरी फटक आणि दुसरी काळी पडते. टॉर्चचं अंतर दर वेळी तेच राहावं म्हणून दगडाशेजारच्या खुंटीला दोरी बांधून तिचं टोक टॉर्चला लावा. झोत पृष्ठाशी १० ते १५ अंशांचा कोन करील असा ठेवा आणि आठ दिशांनी आठ फोटो घ्या.

आठ कशासाठी? उजेडाला समांतर असलेली रेष सावली टाकत नाही, म्हणून दिसतही नाही. डावीकडून घेतलेल्या फोटोत आडवा धनुष्यबाण गायब आणि वरून घेतलेल्या फोटोत उभी तलवार गायब, असं नेहमी होतं. एका फोटोवरून ‘शस्त्र नाही’ असं कधीही लिहू नका. खालून उजेड टाकलेला फोटो एकटा पाहिला तर डोळा फसतो आणि उठाव खड्डा वाटतो. डावीकडून-वरून उजेड असलेला फोटो मुख्य धरा, बाकीचे त्याच्या सोबतीला.

त्रिमितीय प्रतिकृतीसाठी मात्र उलट परिस्थिती लागते. ढगाळ दिवस किंवा सावली, सगळीकडून सारखा मऊ उजेड. १ मीटरच्या दगडाला तीन उंचींवरून फिरत ८० ते १०० फोटो घ्या, लगतच्या दोन फोटोंत ७० ते ८० टक्के भाग समान हवा, आणि मोजपट्टी चौकटीत किमान दोन ठिकाणी ठेवा. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. रात्रीच्या टॉर्चचे फोटो यात मिसळले की सावल्या हलतात आणि पृष्ठ फाटल्यासारखं येतं.

रेखाटन

फोटो असताना चित्र काढायचं कशाला, असं वाटेल. फोटो सगळंच दाखवतो: शेवाळ, भेग, शेंदुराचा ओघळ, कोरलेली रेष. रेखाटन करताना यातलं काय कोरलेलं आहे ते रेषेगणिक ठरवावं लागतं, आणि अभ्यास तिथेच घडतो.

मुख्य फोटो १:५ प्रमाणात छापा, वर ट्रेसिंग पेपर टाका. नक्की दिसणारी कड अखंड रेषेने. असावी असं वाटणारी कड तुटक रेषेने. झिजलेला किंवा फुटलेला भाग ठिपक्यांनी, आणि त्यात अंदाजाने काहीही भरू नका. दुसऱ्या माणसाला पहिलं चित्र न दाखवता तेच काम करायला लावा. दोन चित्रं जिथे जुळत नाहीत तेवढ्या जागा घेऊन पुन्हा रात्री टॉर्चसह दगडापाशी जा आणि एकेक जागा तपासा. ही दुसरी फेरी टाळली तर पुढचं सारं काम अंदाजावर उभं राहतं.

लक्षणं निवडणं

वीरगळ खालून वर वाचतात. तळाच्या कप्प्यात लढाई किंवा पडलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला कलश आणि चंद्र-सूर्य. हा क्रम शतकानुशतकं टिकला, म्हणूनच काळ ठरवायला निरुपयोगी आहे. काळ कळतो तो कारागिराने सवयीने कोरलेल्या बारीक गोष्टींतून. कलशाचा आकार आणि त्याखालची बैठक, दोन कप्प्यांमधल्या पट्टीची घडण, लिंगाच्या पीठाची कड, वीराच्या केसांची गाठ, धोतराच्या निऱ्या कोरण्याची तऱ्हा, तलवारीचं पातं सरळ की वाकडं, मुठीचा आकार, ढालीचा आकार, खोगीर आणि रिकीब, अप्सरांच्या हातांची ठेवण. बोरिवलीच्या एकसरमधल्या वीरगळांसारखं नौकायुद्ध असेल तर नावेच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची आणि वल्ह्यांची मांडणीही घ्या.

आठ ते बारा लक्षणं पुरतात. प्रत्येकाचे दोन ते चार प्रकार पाडा, प्रत्येक प्रकाराचं लहान चित्र काढून त्याला संकेत द्या. दुसरा माणूस केवळ चित्र पाहून तोच संकेत देत नसेल तर प्रकार नीट पाडलेला नाही.

काही गोष्टी मोहात पाडतात, पण त्या लक्षणांत घेऊ नका. दगडाचा आकार आणि कोरीवकामाची सफाई ही खर्च करणाऱ्याच्या ऐपतीवर अवलंबून असते. आणि झीज म्हणजे वय नव्हे, हे तर कोकणात पक्कं ध्यानात ठेवायला हवं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो. त्या दिशेला तोंड करून उघड्यावर उभा असलेला दगड, मंडपात उभ्या असलेल्या त्याच काळातल्या दगडापेक्षा कैक पटींनी म्हातारा दिसतो. किनाऱ्याजवळ खारी हवा छिद्रांत शिरते, मीठ सुकताना फुगतं आणि पृष्ठाचे पापुद्रे काढतं.

दगडाची जातही पाहा. काळ्या बेसॉल्टमध्ये निऱ्या आणि बोटं कोरता येतात आणि टिकतात. जांभा सच्छिद्र आणि खडबडीत, त्यात २-३ मिलिमीटरचा तपशील मुळातच उभा राहत नाही. जांभ्याच्या वीरगळावर निऱ्या नाहीत म्हणून तो ‘जुन्या, साध्या शैलीतला’ ठरत नाही. माया शिल्पांतही हेच आहे. कोपानच्या ज्वालामुखीय दगडात आकृती जवळजवळ सुट्या कोरल्या आहेत, तर चुनखडीच्या अनेक शिळांवर उठाव उथळ आहे. म्हणून बेसॉल्ट आणि जांभा यांचे तक्ते वेगळे ठेवा. सतीशिळा आणि गद्धेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे, गाढवाचं चित्र कोरलेले दगड) यांचेही वेगळे. घाटावरचे दगड कोकणच्या तक्त्यात मिसळू नका. कातळशिल्पांना ही पद्धत लागू पडत नाही, कारण तिथे तारखेचा आधार देणारी मालिकाच नाही.

तारखेचे दगड

सगळी इमारत तारीख कोरलेल्या दगडांवर उभी राहते. माया शिळांवर दिवसांची मोजणी असते: ३६० दिवसांचा तुन, ७,२०० दिवसांचा कातुन, १,४४,००० दिवसांचा बाकतुन. ९.१५.०.०.० अशी नोंद म्हणजे ९ बाकतुन आणि १५ कातुन, गणनेच्या आरंभापासून १४,०४,००० दिवस, म्हणजे इ.स. ७३१. पिएद्रास नेग्रासमध्ये तर दर १,८०० दिवसांनी शिळा उभारण्याचा प्रघात होता. असा भरगच्च आधार आपल्याला नाही, म्हणून मिळेल तो प्रत्येक शक नीट पारखून घ्यायचा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९. लेखात गत (सरलेल्या) वर्षाऐवजी वर्तमान (चालू) वर्ष दिलं असेल तर एक वर्ष कमी होतं. संवत्सराचं नाव आणि वार दिला असेल तर दोन्ही जुळतात का पाहा. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा, श्रावणातला, म्हणजे इ.स. १०६०. अलिबागजवळच्या अक्षीतल्या गद्धेगळाचा शक ९३४ असा वाचला जातो, पण त्या आकड्याच्या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत. असा दगड तक्त्यात घ्यायचा तर दोन्ही वाचनांनी वेगवेगळा हिशेब करून पाहा.

आधाराच्या तक्त्यात फक्त दगडावर कोरलेली तारीख चालते. एकसरचे वीरगळ शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या समुद्रावरच्या लढाईशी जोडले जातात, पण ही जोडणी कोरलेल्या प्रसंगावरून केलेली आहे. ती आधाराला घेतली तर अंदाजावरून अंदाज काढल्यासारखं होईल. तो दगड शेवटी, तपासायच्या यादीत ठेवा.

बेरीज

प्रोस्कुरियाकॉफ यांच्यासमोर तारखेच्या शेकडो शिळा होत्या. आपण पन्नास वर्षांचे टप्पे पाडावेत. सगळ्या टप्प्यांत मिळून पंधरा-वीस तारखेचे दगड नसतील तर आलेख काढूच नका, फक्त ‘पहिल्यांदा दिसतं’ आणि ‘शेवटचं दिसतं’ एवढंच लिहा. पुरेसे असतील तर प्रत्येक टप्प्यातल्या किती टक्के दगडांवर एखादा प्रकार आहे ते काढा.

समजा, तपासायच्या दगडावर तीन लक्षणं मिळाली (आकडे केवळ रीत दाखवायला). टप्पे ११०० पासून पन्नासाचे चार. कलशाच्या प्रकाराचे टक्के ६०, ४०, १०, ०. मुठीचे १०, ५०, ५०, २०. कप्प्याच्या पट्टीचे ०, ३०, ६०, ६०. बेरीज ७०, १२०, १२०, ८०. उत्तर ११५० ते १२५०. आता एकेक लक्षण वगळून पुन्हा बेरीज करा. कलश वगळला तर शिखर १२०० नंतरच्या टप्प्यात जातं, पट्टी वगळली तर ११५० नंतरच्या टप्प्यात येतं. दोन्ही वेळा ते शंभर वर्षांच्या आतच राहिलं, म्हणून ‘११५० ते १२५०’ म्हणायला हरकत नाही, पण ‘१२०० च्या सुमारास’ म्हणू नका. बेरजेत दोन लांबलांबची शिखरं आली तर सरासरी काढू नका. तशी शिखरं आली तर बहुधा दोन गोष्टींपैकी एक असते: दगडावर नंतर कोरकाम झालं आहे किंवा कारागिराने जुना नमुना समोर ठेवून काम केलं आहे. पुन्हा टॉर्च घेऊन छिन्नीच्या खुणा तपासा.

शेवटी पद्धतीचीच परीक्षा घ्या. तारखेचा एक दगड तक्त्यातून काढा, त्याची तारीख झाका आणि बाकीच्यांवरून काळ काढा. सगळ्या तारखेच्या दगडांवर हे केल्यावर सरासरी जितकी चूक येते, तितकीच अनिश्चितता तुमच्या प्रत्येक उत्तराबरोबर छापा.

नोंद कोणाकडे द्यायची

छापील रेखाटनाची आणि नकाशाची एक प्रत देवस्थान कमिटीकडे ठेवा, एक राज्य पुरातत्त्व संचालनालयाला पाठवा. इंटरनेटवर टाकताना गावापर्यंतच सांगा, अक्षांश-रेखांश देऊ नका. फोटोतल्या जागेच्या आपोआप येणाऱ्या नोंदीही काढून टाका. १९६०-७० च्या दशकांत चोरांनी जंगलातल्या माया शिळांचे कोरलेले दर्शनी भाग करवतीने कापून विकायला नेले, आणि आडबाजूच्या देवराईतल्या सुट्या दगडालाही तोच धोका आहे. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, ते परस्पर विकणं किंवा परदेशी पाठवणं गुन्हा आहे, हे कमिटीला सांगून ठेवा.

देवळाचा जीर्णोद्धार ठरला असेल तर नकाशाची प्रत कामाला हात लागण्याआधी कंत्राटदाराच्या हातात द्या. दगड हलवावेच लागले तर प्रत्येकाला सुतळीने क्रमांकाची पट्टी बांधा, कोरलेला भाग वर करून वाळूच्या गोण्यांवर ठेवा, आणि परत उभे करताना तोच क्रम, तीच दिशा ठेवा. बुंध्याला सिमेंट ओतू देऊ नका. सिमेंटमधले क्षार पावसाच्या पाण्याबरोबर दगडात चढतात आणि तळाचा, म्हणजे लढाईचा कप्पा आधी जातो. खड्ड्यात जाड वाळू आणि खडी घट्ट ठोकून बसवलेला दगड हलत नाही आणि त्याच्या बुंध्याशी पाणीही साचत नाही.